वाळवण

पुस्तक उन्हात वाळवायचं नसतं, हे मला २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळलं. तोवर वाळवण म्हटलं की गच्ची, जुनी साडी, चार कोपऱ्यांना चार दगड आणि कावळे हाकायला बसवलेलं पोर, एवढंच डोळ्यांपुढे यायचं. पूर ओसरला त्या दिवशी आम्ही पन्नासेक पुस्तकं वाचनालयाच्या कट्ट्यावर ओळीने उन्हात मांडली आणि संध्याकाळपर्यंत त्यांचे पापड झाले. पुठ्ठे वर वळले, पानं चुण्या पडून ताठली, सरस सुटून पाठी मोकळ्या झाल्या. चिखल काढायला आलेला एक रिक्षावाला म्हणाला, ‘‘ताई, ही वाळवायची हुती का भाजायची?’’

आमचं गाव कृष्णाकाठचं, तालुक्याचं. वाचनालय नदीपासून दोन गल्ल्या आत. त्या आठवड्यात सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. २००५ चा पूर आमच्या वाचनालयाच्या तिसऱ्या पायरीवर थांबला होता, म्हणून हाही तिथेच थांबणार असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं. पुराला आपली जुनी खूण पाठ असते अशी गावात समजूत आहे. या वेळी त्याने खूण ओलांडली आणि सहा दिवस आत मुक्काम केला.

दार उघडलं तेव्हा पहिली अडचण वेगळीच निघाली. पुस्तकं निघेनात. भिजलेला कागद फुगतो, आणि कप्प्यात दाटीने लावलेली पुस्तकं फुगून एकमेकांत अशी काही आवळून बसतात की बोट घालायला जागा राहत नाही. ओढलं की पाठ हातात येते आणि पुस्तक मागे राहतं. शेवटी हार्डवेअरच्या दुकानदाराने पाने आणून रॅकचे नट खोलले आणि आख्खा कप्पाच खाली उतरवला. ओळखीओळखीतून पुण्यातल्या एका संग्रहालयात काम करणाऱ्या मुलीचा नंबर मिळाला, आणि पुढचे पंधरा दिवस ती फोनवरून आम्हाला वाळवण शिकवत राहिली. पुस्तक मिटलेलंच घट्ट धरून स्वच्छ पाण्यात बुडवायचं, म्हणजे वरचा चिखल जातो आणि आत शिरत नाही. मग उभं करायचं, पंखा लावायचा, मधे मधे कोरा कागद घालायचा, तो ओला झाला की बदलायचा. ऊन नाही. इस्त्री नाही. घाई नाही.

चातुर्मास असल्यामुळे मंगल कार्यालय रिकामं होतं. मालकाने किल्ली दिली, वर विजेच्या बिलाचं बघू म्हणाला. जिथे पंगती बसतात तिथे पुस्तकं उभी राहिली, पानं पसरून, एकमेकांना न टेकता. छापखान्यातून न छापलेल्या कागदाचे गठ्ठे आले. आणि खरी कामाची निघाली ती उन्हाळ्यात शंभर-दोनशेंचं वाळवण घालणारी बायकामंडळी. त्यांना सांगावं लागलं नाही की वरची बाजू कोरडी दिसली तरी आत ओल असते, की कागद हाताला गार लागतो आहे तोवर तो वाळलेला नाही. त्यातल्या एकीने हातातलं पुस्तक गालाला लावून बघितलं आणि म्हणाली, ‘‘अजून दोन दिवस.’’ फोनवरच्या मुलीला हे सांगितलं तेव्हा ती हसली. आम्हीपण हेच करतो, म्हणाली.

स्वस्त कागदावरची, पिवळी पडलेली जुनी पुस्तकं बरीच वाचली. गेली ती गुळगुळीत कागदावरची देखणी पुस्तकं. त्या कागदावर जो लेप असतो तो ओला झाला की पानंपानं चिकटतात, आणि तशीच वाळली तर पुस्तकाची वीट होते. रंगीत चित्रांच्या एका जाडजूड ग्रंथाची अशी वीट झाली. ती आम्ही टाकली नाही. का, ते पुढे येईल.

त्या पहिल्या आठवड्यात साठेक माणसं होती. कॉलेजची मुलं, तरुण मंडळं, दोन भजनी मंडळं, शेजारच्या गावांतून टेम्पोने आलेले लोक. चहाला तोटा नव्हता. फोटो तर फार निघाले. गणपती बसले तेव्हा पस्तीस राहिले, नवरात्रात वीस, आणि दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही मोजून सात जण होतो. मला याचं दुःख नाही. पूर हा सणासारखाच असतो, माणसं घराबाहेर काढतो. रविवार तसा नसतो.

हे सात म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टरकाका, बँकेतले साहेब (निवृत्त झाले तरी साहेबच), ब्लाउज शिवणाऱ्या काकू, हार्डवेअरवाले, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा, एका दवाखान्यातले कंपाउंडर आणि मी. आमच्या गटाला नाव नाही. साहेबांनी एकदा नाव, लेटरहेड आणि बॅनरचा विषय काढला होता. काकू म्हणाल्या, बॅनरच्या पैशात दोऱ्याच्या दहा गुंड्या येतील. विषय तिथेच मिटला. गावात आम्हाला ‘रविवारची मंडळी’ म्हणतात.

माझी एक भाची न्यू जर्सीला असते. तिथे नगरपालिकेचं वाचनालय आहे आणि त्याच्या जोडीला ‘वाचनालयाचे मित्र’ असं हौशी लोकांचं मंडळ. वर्षातून दोनदा ते जुनी पुस्तकं विकतात आणि आलेले पैसे वाचनालयाला देतात. तिने विचारलं, तुमच्याकडे असं मित्रमंडळ असतं का? मला उत्तर सुचेना, कारण आपल्याकडे गणितच उलटं आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं १८४८ चं. कुठे एखाद्या इंग्रज अधिकाऱ्याने हात दिला, पुण्यात लोकहितवादींनी पुढाकार घेतला, पुढे १८९३ मध्ये ठाण्याला वि. ल. भाव्यांसारख्यांनी मराठी ग्रंथ जमवायला घेतले. पण वर्गणी गोळा करायची, कार्यकारी मंडळ निवडायचं, दिव्याच्या तेलाचा हिशेब ठेवायचा, हे सगळं गावातल्याच लोकांनी. सरकार आलं ते मागाहून. हिंदुस्थानातला ग्रंथालयाचा पहिला कायदा कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये केला. महाराष्ट्राचा झाला १९६७ मध्ये. आज राज्यात सरकारमान्य वाचनालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत, अ, ब, क, ड अशा चार वर्गांत, आणि त्यांतली बहुतेक कुठल्या ना कुठल्या गावातल्या लोकांच्या संस्थांनीच चालवलेली. तेव्हा भाचीला म्हटलं, अगं, आमच्याकडे वाचनालय हेच मंडळ. मित्र म्हणायचाच तर तो सरकार, आणि तो हप्त्याहप्त्याने भेटतो, वर्षातून दोनदा.

मैत्रीचा खरा हिशेब बडोद्यात झाला होता असं मला वाटतं. सयाजीरावांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं, पुढे जनार्दन कुडाळकरांनी ते काम वाढवलं. गावाला वाचनालय हवं असेल तर आधी गावाने पैसे जमवायचे. तेवढेच सरकारने घालायचे आणि तेवढेच प्रांत पंचायतीने. आणि ज्या गावाला तेवढंही जमत नाही तिथे पुस्तकांची पेटी पाठवायची, वाहतुकीचा खर्चही सरकारचा. ती पेटी अजून फिरते आहे, दुसऱ्या वेशात. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना शंभर पुस्तकांच्या पेटीवरच सुरू झाली, आणि ती पेटी आखाती देशांतल्या मराठी घरांपर्यंत पोचली. आमची पेटी मात्र चार किलोमीटरच जाते, ऊसतोडीच्या हंगामात टोळ्या उतरतात त्या माळावर. पत्र्याची जुनी ट्रंक, त्यात चित्रांची पुस्तकं. परत येते तेव्हा पानांवर गुळाच्या बोटांचे ठसे असतात. आम्ही ते पुसत नाही, पण मुंग्या लागतात म्हणून काकू ट्रंकेत हळद टाकतात.

आता ज्यांच्याविषयी आधीच लिहायला हवं होतं त्यांच्याकडे वळते. आमच्या ग्रंथपाल मॅडम. पाणी चढायला लागलं त्या रात्री त्या एकट्या वाचनालयात गेल्या होत्या. गुडघाभर पाण्यातून तांदळाच्या पोत्यात घालून त्यांनी जे बाहेर काढलं ते दुर्मिळ ग्रंथ नव्हते, हस्तलिखितं नव्हती. दाखल नोंदवह्या होत्या. नंतर मंडळाच्या बैठकीत एका सभासदाने याबद्दल त्यांना चार शब्द सुनावले: शंभर वर्षांची पुस्तकं बुडू दिली आणि वह्या काय वाचवल्या? मॅडम काही बोलल्या नाहीत. पण दाखल नोंदवही म्हणजे काय ते आम्हाला पुढच्या सहा महिन्यांत कळलं. प्रत्येक पुस्तकाचा क्रमांक, कधी आलं, कुठून आलं, किंमत काय, सगळं त्यात. ती नसती तर काय गेलं हेच सांगता आलं नसतं. पंचनामा कशाचा करणार, मदत कशावर मागणार, गेलेली पुस्तकं खात्यावरून कमी कशी करणार? २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं. तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात, १८६४ पासूनच्या संस्थेत, पाणी शिरल्याची बातमी आली तेव्हा कंडक्टरकाकांच्या तोंडून पहिला प्रश्न आला: ‘‘रजिस्टर वर होती का त्यांची?’’

मॅडमना महिन्याला काय मिळतं तो आकडा इथे लिहायला मला लाज वाटते. सकाळी आमच्या गल्लीत दूध घालणाऱ्या मुलाचे त्याहून जास्त सुटतात. पगार अनुदानातून, अनुदान हप्त्यात, आणि हप्ता कधी येईल हे वरच्यालाच ठाऊक. वेतनश्रेणीची मागणी त्यांचे लोक कित्येक वर्षं करताहेत. आणि इथेच मला आमच्या सात जणांविषयी थोडी शंका येते. आम्ही रविवारी जातो, दोन तास काम करतो, ‘सेवा’ केल्याचं समाधान घेऊन घरी येतो. साहेबांना पेन्शन आहे, मला आहे, काकांना थोडी का होईना आहे. मॅडमना नसेल. मागे एका वर्षी हप्ता लांबला तेव्हा कार्यकारी मंडळात कुणीतरी सुचवलं की ही मंडळी एवढं फुकट करतातच, तर सहायकाची जागा भरायचीच कशाला? मी त्या बैठकीत होते. आमच्या सेवेचा असाही उपयोग होऊ शकतो हे तोवर माझ्या डोक्यात आलं नव्हतं. काकांनी मात्र लगेच हात वर केला. म्हणाले, ‘‘मी डबल बेल मारू शकतो, म्हणून ड्रायव्हर कमी करणार का?’’ जागा राहिली. त्या दिवसापासून आमचा एक अलिखित नियम आहे: देवघेवीच्या टेबलावर आम्ही बसत नाही. ते मॅडमचं आणि सहायकाचं काम. आम्ही मागे, भिंतीकडे.

मागे काय करतो? बहुतेक वेळ देणगीची पुस्तकं उपसतो. पुरानंतर वर्तमानपत्रात बातमी आली आणि पुस्तकांचा दुसरा पूर आला. पुण्या-मुंबईहून खोकी. त्यांत चांगली पुस्तकं होती, खूप होती. नव्या कोऱ्या कथा-कादंबऱ्या लोकांनी दुकानातून विकत घेऊन पाठवल्या. पण त्यांच्याबरोबर १९९४ ची आयकर मार्गदर्शिका, फाटलेली दहावीची गाईडं, कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम आणि फोडणीचा वास येणारी पाककृतींची वहीही आली. अजूनही येतात. जुनं घर पाडून इमारत होणार असली की फोन येतो: ‘‘बाबांची पुस्तकं आहेत, तुमच्याकडे जागा आहे ना?’’ त्या आवाजात पुस्तकं देण्यापेक्षा बाबांना कुठेतरी नीट पोचवायची धडपड असते, त्यामुळे नाही म्हणवत नाही. पहिली दोन वर्षं आम्ही सगळं घेतलं. मग जागाच उरली नाही आणि वाळवीने तळाच्या खोक्यात घर केलं. आता नाही म्हणायचं काम माझ्याकडे आहे, कारण माझा आवाज बरा आहे असं म्हणतात. आधी यादी मागते. यादीतलं आम्हाला काय हवं ते सांगते. राहिलेल्यांचं काय करायचं विचारलं तर खरं ते सांगते, रद्दी. काही लोक फोन ठेवतात. एक गृहस्थ म्हणाले होते, तुम्हाला पुस्तकांवर प्रेमच नाही. असेलही तसं. पुस्तकांवर प्रेम करणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, त्यांचीच तर खोकी मी उपसते.

रद्दीवरून आठवलं, आमचं सगळ्यात मोठं भांडण त्यावरूनच झालं. खराब झालेली पुस्तकं रीतसर काढून टाकायची असतात, कागदोपत्री त्याला निर्लेखन म्हणतात. भांडलो ते साहेब आणि मी. १९५० च्या आसपासची रहस्यकथांची दोन कपाटं होती, पुरातून अर्धी वाचलेली, पहिली-शेवटची पानं गेलेली. साहेब म्हणाले, काढा. मी म्हटलं, ठेवा. खुनी कोण हेच ज्यात नाही ते पुस्तक ठेवून काय करायचं, असा त्यांचा सवाल होता, आणि त्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. तीन रविवार आम्ही एकमेकांशी बोललो नाही. शेवटी परीक्षेच्या अभ्यासाच्या त्या मुलाने प्रत्येकाचं शीर्षक, लेखक, जे काही पानांवर उरलं होतं ते टिपून घेतलं, मुखपृष्ठांचे फोटो काढले, आणि मग पुस्तकं गेली. पुढे त्याला तलाठ्याची नोकरी लागली. ती यादी मॅडमच्या कपाटात आहे. आजवर ती कुणी मागितलेली नाही.

बांधणी मात्र पाहत बसावी. काकूंना बांधणी शिकवायला सांगलीहून एक म्हातारे बाइंडर चार रविवार आले होते. आधी जुनी शिवण उसवायची, पानं सोळा-सोळाच्या घडीत लावून घ्यायची, टोच्याने भोकं पाडायची, आणि मेण लावलेल्या दोऱ्याने एक घडी दुसरीला बांधत जायचं. खळ मैद्याची, शिजताना त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विषारी, म्हणून खळीचं पातेलं वेगळं, आणि त्यावर लाल रंगाने मोठी फुली. काकू शिवतात तेव्हा दोरा दातांनी तोडत नाहीत, कात्रीच घेतात. आयुष्यभर ब्लाउजचा दोरा दातांनी तोडला, ती सवय मोडायला त्यांना महिना लागला. पुस्तक शिवून झालं की त्या पाठीवर तळवा फिरवतात, जसा नव्या ब्लाउजच्या मुंढ्यावर फिरवतात. मग पुस्तक दोन फळ्यांमध्ये घालून वर वजन ठेवायचं. आमच्याकडे दाबयंत्र नाही. वजनाला ती वीट आहे, रंगीत चित्रांच्या ग्रंथाची. साडेतीन किलो भरते, कंडक्टरकाकांनी वाण्याच्या काट्यावर तोलून आणली आहे.

एका मार्चमधली गोष्ट. रविवारी अकराच्या सुमारास एक चाळिशीचा माणूस हातात कापडी पिशवी घेऊन आला. मला वाटलं, आणखी एक बाबांची पुस्तकं. पिशवीत एकच होतं: चित्रावशास्त्र्यांच्या चरित्रकोशाचा मधला खंड, मध्ययुगीन. आतल्या तारीखपट्टीवर परतीची तारीख जून २०११. संदर्भाचं पुस्तक बाहेर द्यायचं नसतं, पण तेव्हाच्या चिटणिसांच्या शब्दावर ते त्याच्या वडिलांना दिलं गेलं होतं आणि नंतर दोघेही विसरले, का दोघांनीही विसरल्यासारखं केलं. आमच्याकडचे पहिला आणि तिसरा हे दोन्ही खंड पुरात लगदा होऊन गेले होते. मधला वाचला, कारण तो थकबाकीत होता, गावाच्या वरच्या आळीत, माडीवर.

मॅडमनी दाखल नोंदवही काढली. त्या क्रमांकापुढे लाल शाईत ‘गहाळ’ असं त्यांच्याच अक्षरात होतं. काकांनी छताकडे बघत चार आणे रोजाने हिशेब केला आणि अकराशेच्या वर रक्कम सांगितली. त्या माणसाने मुकाट्याने पाकीट काढलं. मॅडम म्हणाल्या, दंड माफ करायचा तर मंडळाचा ठराव लागेल, भरायचा तर पावती लगेच देते. आणि वडिलांची पन्नास रुपये अनामत अजून खात्यावर आहे, ती मात्र वजा होणार नाही, वारसाच्या सहीने परत घ्यावी लागेल. त्याने दंड भरला, सही करून पन्नास रुपये घेतले, आणि जाताना ते देणगीच्या डब्यात टाकले. मॅडमनी त्याचीही पावती फाडली.

काकूंनी खंड उघडून शिवण पाहिली आणि काही न बोलता मिटला. त्यांना त्यात काम नव्हतं. वरच्या कप्प्यात, पुराच्या रेघेपेक्षा चार हात उंच, आम्ही तो ठेवायला गेलो तर मॅडम खालून म्हणाल्या, दोन्ही बाजूंना एकेका पुस्तकाची जागा सोडा. सोडली. पण जाड पुस्तक, मधेच एकटं उभं राहीना, सारखं कलंडायला लागलं. काकूंनी फळीवरची वीट उचलून वर दिली, आणि काकांनी ती त्याला टेकू म्हणून लावली.